क्रीडा आहारतज्ज्ञाकडे जाताय? या चुका टाळा

पहिली चूक अपॉइंटमेंटच्या आधीच होते. खेळाडू वजनाचा आकडा तेवढा घेऊन जातो: "पाच किलो कमी करायचंय." एवढ्यावर आहार ठरत नाही. सोबत न्या: आठवड्याचं सरावाचं वेळापत्रक, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट (हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व, बी १२), चालू गोळ्या आणि पावडरच्या डब्यांचे फोटो. तीन दिवसांची खाण्याची नोंदही हवी, दोन दिवस सरावाचे आणि एक रविवार. रविवारची मिसळ आणि जादा तर्री गाळू नका, तीच तर बघायची असते. "दोन पोळ्या, भाजी" एवढं लिहून भागत नाही. पोळीला तेल-तूप किती, भाजीची वाटी केवढी? घरची वाटी पाण्याने भरून एकदा मोजा, १५० मिली निघते की २००, यावरून हिशेब बदलतो.

समोरचा माणूस खरंच आहारतज्ज्ञ आहे का, हेही विचारा. जिमच्या ट्रेनरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला चार्ट म्हणजे सल्ला नव्हे.

दुसरी चूक रोज एकच ताट. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर तासभर हलकं पळण्याचा दिवस आणि गंगापूर रोडला दोन तासांच्या लाँग रनचा दिवस सारखे नसतात. ६० किलोच्या धावपटूला हलक्या दिवशी किलोमागे साधारण ५ ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. जड दिवशी ती ७-८ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ४२० ते ४८० ग्रॅमपर्यंत जातात. पहाटे साडेपाचला नुसत्या चहावर पळणारे तासाभराने ढेपाळतात, आणि दोष बुटांना देतात! निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर खा. दीड तासाच्या वर पळायचं असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. नाशिकचे मनुके चालतात, ४० ग्रॅममधून सुमारे ३० ग्रॅम मिळतात. काहींचं पोट त्यानं बिघडतं, म्हणून आधी सरावात खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी नवं काहीच नको, शर्यतीआधीच्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, फुकट मिळालेलं एनर्जी जेल तर नाहीच.

पाण्याच्या बाबतीत अंदाजपंचे चालतं, ते मोजा. सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. सरावानंतर अंग पुसून पुन्हा घ्या. समजा ६०.० किलोचे ५९.२ झाले आणि वाटेत ५०० मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला १.३ लिटर. तूट ०.८ किलोची, ती पुढच्या काही तासांत १ ते १.२ लिटर पाणी आणि मीठ असलेल्या जेवणाने भरून काढा. एप्रिल आणि डिसेंबरचे आकडे वेगळे येतील, दोन्ही लिहून ठेवा.

प्रथिनं दिवसाला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, पण सगळी रात्रीच्या जेवणात नकोत, चार वेळा वाटून घ्या. उपवास असेल तर आधीच सांगा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा जोडावे लागतात. फेरिटिन कमी असेल तर जेवणाला लागून चहा बंद, उसळीवर लिंबू पिळा.

मुलींनो, पाळी थांबणं हे "फिट झाल्याचं" लक्षण नाही. बहुतेकदा खाणं कमी पडतंय आणि पुढे हाडांना बारीक तडे जाऊ शकतात. आहारतज्ज्ञाला सांगा आणि डॉक्टरांनाही दाखवा.

पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक आहे म्हणून ती डोपिंगच्या दृष्टीने सुरक्षित ठरत नाही. चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच. बंदी असलेल्या द्रव्यांसाठी ज्यांची बॅच तपासली आहे अशीच उत्पादनं घ्या आणि प्रत्येक डबा आहारतज्ज्ञाला दाखवा.

पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढलं की निम्मे लोक चार्ट फेकतात. स्नायूंत कर्बोदकं ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं, ही चरबी नव्हे. निदान तीन-चार आठवडे द्या. पोट बिघडलं, झोप उडाली, वेग घसरला, तर चार्ट आपल्या मनाने बदलू नका. काय, किती आणि सरावाच्या किती वेळ आधी खाल्लं, ते त्याच दिवशी लिहून कळवा.