कारागृह शिपाई म्हणून नवे आहात? पहिल्या वर्षातल्या या चुका टाळा

भरतीला १६०० मीटर धावलात, गोळा फेकलात, लेखी परीक्षेत गणितं सोडवलीत. त्यातलं जेलमध्ये रोज कामी येतं ते गणित, आणि तेही नुसती बेरीज. कैद्यानं हात उगारला म्हणून नोकरीवर गदा आलेला शिपाई मी अजून पाहिलेला नाही. अडचणीत आले ते चुकलेल्या आकड्यापायी, न लिहिलेल्या नोंदीपायी, नाहीतर दया येऊन केलेल्या एका फोनपायी. या नोकरीत हातात काठीपेक्षा पेन जास्त वेळ असतं, हे मला कळायला वर्ष गेलं.

दुसऱ्याच्या तोंडचा आकडा लिहिणं

माझी पहिली मोठी चूक हीच. संध्याकाळची बंदी, म्हणजे कैदी मोजून बराकींना कुलूप घालणं, चालू होती. बराकीत सगळे जोडीजोडीनं बसलेले. पाऊस, दिवे गेलेले, माझ्या हातात एकच बॅटरी. कैदी वॉचमन, म्हणजे कैद्यांमधूनच राखणीला नेमलेला माणूस, म्हणाला, "साहेब, एकशे बारा." रोजचा आकडा तोच, म्हणून मी एकशे बारा लिहून कुलूप घातलं. गेटवर सगळ्या बराकींची, रुग्णालयाची, स्वयंपाकघराची बेरीज झाली, तर जेलमध्ये एक माणूस जास्त! कमी भरला असता तर निदान कुठे शोधायचं ते कळलं असतं. "जास्तीचा भिंतीवरून आत आला का रे?" जेलर साहेबांनी विचारलं. हसायची कुणाची हिंमत नव्हती. पाऊण तास सगळी बंदी पुन्हा. दुपारी एकाला ताप आला म्हणून रुग्णालयात हलवलं होतं. तो तिथेही मोजला गेला आणि माझ्या वहीतही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आत जाण्याआधी दिवसभरात या बराकीतून कोण गेलं, कोण आलं ते वहीत पाहायचं: कोर्ट, रुग्णालय, सुटका, बदली. मग स्वतः जोड्या मोजायच्या, संडासात कुणी आहे का ते पाहायचं, पांघरूण बाजूला करून चेहरा बघायचा. वॉचमननं सांगितलेला आकडा ऐकायचा तो आपला आकडा लिहून झाल्यावर. दोन्ही जुळले नाहीत तर आकडा खोडून "जुळवून" घेऊ नका. कुलूप घालू नका, हवालदारांना हाक मारा आणि पुन्हा मोजा. उशीर झाल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागतील, पण खाडाखोड केलेल्या वहीचं उत्तर देताना तोंडातून शब्द फुटत नाही.

"बघतो" म्हणणं

बाहेर "बघतो" म्हणजे सभ्य नकार. आत "बघतो" म्हणजे वचन. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत साधारण तिघं कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून चालू असलेले. त्यांच्या डोक्यात चोवीस तास एकच गोष्ट: तारीख. "साहेब, माझी तारीख कधी?", "साहेब, अर्ज पुढे गेला का?" तुम्ही गडबडीत "बघतो" म्हणालात की तो माणूस दोन दिवस तुमच्या पाळीची वाट बघतो. तिसऱ्या दिवशी तो ताटली आपटतो, आणि तुम्हाला कळत नाही की याला अचानक झालं काय.

माहीत नसेल तर तसं सांगा, आणि कुणाकडे कळेल तेही सांगा. कायद्याचे हिशेब स्वतः करून देऊ नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा विचार होतो, पहिल्याच गुन्ह्यातल्याला एक तृतीयांशावर. पण फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले असतील तर गणित वेगळं. तुम्ही बोटांवर मोजून "पुढच्या महिन्यात सुटशील" म्हणालात आणि तो सुटला नाही, तर त्याच्या लेखी तुम्ही खोटारडे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक येतात, त्यांच्या यादीत नाव घाला. तेवढंच आपलं काम.

एक साधा फोन

तंबाखू आणून द्या, असं नव्या शिपायाला पहिल्या दिवशी कुणी म्हणत नाही. सुरुवात माणुसकीनं होते. "साहेब, आईचं ऑपरेशन आहे, फक्त कसं झालं तेवढं विचारा. नंबर देतो." तुम्हालाही आई आहे. घरी गेल्यावर आपल्या मोबाइलवरून फोन लावता. आई खरंच आजारी असते, ती रडते, आशीर्वाद देते. दोन दिवसांनी तुमच्या त्याच नंबरवर गुगल पे वरून पाचशे रुपये येतात. "चहापाण्याला." तुम्ही मागितलेले नसतात, पण नोंद कायमची राहते. मग एक दिवस बराकीच्या जाळीमागून हळूच आवाज येतो: "साहेब, गायछापच्या दोन पुड्या… तेवढं चालतं ना आपल्यात?" आता नाही म्हणायला तुमच्याकडे जागा राहिलेली नसते. पुडीनंतर चार्जर, चार्जरनंतर सिमकार्ड.

हा सापळा इतका जुना आहे की ब्रिटिशांनी १८९४ च्या कारागृह कायद्यात कलम ९ घालून कैद्याशी कोणताही पैशाचा व्यवहार करायला कर्मचाऱ्यांना मनाई केली होती. मनाई असलेली वस्तू आत नेणाऱ्याला कलम ४२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. तेव्हाचे दोनशे म्हणजे थट्टा नव्हती.

आई आजारी असेल तर दगड होऊन उभं राहा असं मी म्हणत नाही. अर्ज लिहून घ्या, नाहीतर जेलर साहेबांच्या कानावर घाला. कैद्यांच्या फोनची सोय आहे, ई-मुलाखत, म्हणजे घरच्यांशी व्हिडिओवरून भेट, आहे. आणि फोन करून बसला असाल तर? त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, लेखी द्या, आलेले पैसे परत पाठवल्याचा पुरावा जोडा. ताकीद मिळेल, कदाचित नोटीसही. मी दोन पोरांना हे करायला लावलं. दोघंही नोकरीत आहेत. ज्यानं लपवलं त्याचं सांगत नाही.

अंगावरच्या जखमा न बघता ताब्यात घेणं

संध्याकाळी उशिरा पोलिसांची गाडी येते, बरोबरचे कर्मचारी घाई करतात, "सही द्या, जाऊ द्या." नवा शिपाई कागद तपासतो, माणूस तपासत नाही. नव्या कैद्याच्या अंगावरच्या खुणा डॉक्टरांनी नोंदवाव्यात, हेही त्या जुन्या कायद्यात होतंच. पाठीवर वळ असतील आणि आत घेताना ते लिहिले गेले नाहीत, तर सकाळी ते वळ तुमच्या जेलमध्ये उठलेले ठरतात. शर्ट काढायला लावा, लंगडतोय का बघा, डॉक्टरांना दाखवा. बाईची झडती बाईच घेईल, तिथे घाईचं कारण चालत नाही.

आणि नवीन आलेल्याच्या पहिल्या काही रात्री जागं राहा. ओरडणाऱ्याची काळजी कमी, गप्प बसणाऱ्याची जास्त. जेवण परत करतो, आपला साबण-कपडे शेजाऱ्याला देऊन टाकतो, चादरीची किनार फाडतो, यातलं काही दिसलं तर "नाटक करतोय" असा शेरा मारू नका. रात्री "छातीत दुखतंय" म्हणणाऱ्यालाही तेच लागू. दहापैकी नऊ नाटकी असतील. दहावा कोणता ते ओळखणं शिपायाचं काम नाही. हाक कधी ऐकली, डॉक्टरांना कधी कळवलं, दोन्ही वेळा वहीत लिहा. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते, आणि पहिली मागतात ती रात्रपाळीची वही.

हात उचलणं

यावर फार लिहायची गरज पडू नये. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी वॉर्डरचा, म्हणजे देखरेखीचं काम दिलेल्या कैदी बाईचा, मृत्यू झाला आणि जेलर व पाच महिला शिपाई अशा सहा जणींवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तक्रारीप्रमाणे वाद सुरू झाला तो दोन अंडी आणि पाच पाव यांच्या हिशेबावरून. रेशनचा हिशेब चुकला तर कागदावर चुकू द्या. १९७९ मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल नुसती चिठ्ठी लिहिली, ती सर्वोच्च न्यायालयानं याचिका मानली. आतली भिंत वाटते तितकी जाड नसते.

भांडण सोडवताना एकट्यानं बराक उघडू नका. शिट्टी वाजवा, कुमक येऊ द्या, मग कुलूप. अंगात जोर आहे म्हणून एकटा आत घुसलेला पोरगा किल्ल्यांसकट घेरला जातो. एरवी "ए, चल रे" ऐवजी नावानं हाक मारा. म्हाताऱ्या कैद्याला "काका" म्हटल्यानं वर्दीची इस्त्री मोडत नाही, उलट बराकीत काही शिजत असेल तर तेच काका खोकून सुचवतात.

पाळी संपताना

सुटायच्या घाईत पुढच्या माणसाला "सगळं ठीक" एवढंच सांगून निघू नका. कोण जेवला नाही, कुणाचा कुणाशी खटका उडाला, कोणत्या खिडकीचा गज हलतो, हे तोंडी सांगा आणि लिहाही. आणि खिसे तपासा. मी एकदा एसटी स्टँडवर सुट्टे पैसे काढायला खिशात हात घातला, तर हातात जेलच्या वाचनालयातल्या कपाटाची किल्ली आली. त्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांखेरीज काही नव्हतं. तरी परत गेलो, गेटवर किल्ली दिली, वहीत वेळ लिहिली, आणि गेटवरच्या हवालदारांचं अर्धा तास ऐकून घेतलं. शेवटची एसटी गेली होती. रात्र मी शिपायांच्या बॅरेकच्या व्हरांड्यात काढली.