जंगलासाठी शांतपणे आवाज कसा उठवायचा, हे लहान मुलांना कसे शिकवावे

सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘झाडे वाचवा’ ही घोषणा एका दिवसात पाठ होते. तिच्या जोडीला ‘झाड तोडणारा दुष्ट’ हेही पाठ होते, आणि ते पुसणे फार अवघड जाते. म्हणून घोषणा सर्वांत शेवटी शिकवा.

१. आधी एका झाडाशी ओळख होऊ द्या

झाड मुलालाच निवडू द्या. त्याच्या छातीइतक्या उंचीवर बुंध्याभोवती दोरी गुंडाळून घेर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. अधूनमधून तिथे जाऊन कोण आले, कोण गेले ते बघा: मुंग्या, घरटे, ढोलीतला पाहुणा. अक्षरे येत नसतील तर चित्रे चालतील. ही वही पुढे कामाला येणार आहे. वणव्याचे व्हिडिओ दाखवून मन वळवायला मात्र जाऊ नका. घाबरलेले मूल विषयच टाळू लागते.

२. झाडे का तोडली जातात, ते खरे सांगा

शेतीसाठी, रस्त्यासाठी, खाणीसाठी, सरपणासाठी, फर्निचरसाठी. मूल ज्या वहीत चित्र काढते, तिचा कागदही बहुधा लाकडाचाच. चिपको आंदोलनाची सुरुवात इथे चांगली उपयोगी पडते. १९७३ मध्ये उत्तराखंडच्या डोंगरात गावकऱ्यांनी शेतीच्या अवजारांसाठी काही झाडे मागितली, ती नाकारली गेली. तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीला मिळाली. म्हणजे गावकऱ्यांनाही लाकूड हवेच होते. भांडण होते ते जंगलाबद्दल कोण ठरवणार, किती तोडणार आणि कोणासाठी, यावर. हे मुलांना कळते, आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर.

३. गोष्ट निवडून सांगा

त्याच चिपको आंदोलनातली ही गोष्ट: २६ मार्च १९७४ ला उत्तराखंडातल्या रेणी गावातले पुरुष बाहेरगावी गेले होते. तोडणीचे कामगार जंगलाकडे निघालेले एका लहान मुलीने पाहिले आणि गावातल्या महिला मंडळाच्या प्रमुख गौरा देवींना कळवले. बायका धावल्या, झाडांपाशी उभ्या राहिल्या आणि ‘हे जंगल आमचे माहेर आहे’ म्हणून कामगारांना समजावत राहिल्या. कामगार परतले. त्या मुलीने केले काय? पाहिले आणि योग्य माणसाला सांगितले. लहान मुलाच्या आवाक्यातले आंदोलन एवढेच असते आणि ते पुरेसे असते.

राजस्थानातल्या खेजडली गावी १७३० मध्ये अमृता देवी आणि बिश्नोई समाजातले इतर लोक मिळून ३६३ जणांनी झाडांसाठी प्राण दिले. ही गोष्ट थोर आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला नको. थोडे मोठे होऊ द्या.

४. खेळून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवते ती ही पायरी. खडूने जमिनीवर जंगल आखा. एक मूल ठेकेदार, एक रोजंदारीवरचा कामगार, एक अधिकारी, काही गावकरी, आणि एक चक्क घुबड. नियम तीन: हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबायचे. थोड्या वेळाने भूमिका बदला. मघाशी तावातावाने ओरडणारा आता कामगार होऊन म्हणतो, ‘काम नाही केले तर मला पैसे कोण देणार?’ मग गप्पा खऱ्या सुरू होतात. कुऱ्हाड ज्याच्या हातात आहे तो निर्णय घेणारा नसतो, हेही इथेच उमगते. तुम्ही मध्ये पडून उत्तर देऊ नका. घुबडाला मात्र बोलायची पाळी नक्की द्या.

५. पत्र लिहा

निर्णय घेणारा माणूस शोधणे हे मोठ्यांचे काम. पत्र मुलाचे. एका पत्रात एकच मागणी आणि सोबत स्वतः पाहिलेली गोष्ट: ‘या झाडावर दोन घरटी आहेत. ते तोडू नका.’ वहीतले चित्र जोडा. शुद्धलेखन सुधारू नका आणि मजकूर सांगून लिहून घेऊ नका. मोठ्यांची भाषा वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. उत्तर आले नाही तर काही आठवड्यांनी आठवणीचे पत्र.

६. मोर्च्याला न्यायचे असेल तर

आधी मुलाला विचारा, आणि नको म्हणाले तर तिथेच विषय संपवा. परवानगी घेतलेला, दिवसाउजेडी होणारा, छोटा कार्यक्रम निवडा. फलक हलक्या पुठ्ठ्याचा, काठीशिवाय. पाणी, खाऊ, चुकामूक झाली तर भेटायची जागा. वातावरण तापले की लगेच घरी. फोटो छापायला किंवा समाजमाध्यमांवर टाकायला पालकांची परवानगी हवी. मुलांना पुढे करून प्रसिद्धी मिळवणारे सगळीकडे असतात.

७. यश आणि नकार, दोन्हींची तयारी

१९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका शाळेच्या मुलांनी कोस्टा रिकातले वर्षावन विकत घेऊन वाचवण्यासाठी पैसे जमवले. इतर देशांतली मुलेही सामील झाली. आज तिथले ‘मुलांचे चिरंतन वर्षावन’ २२ हजार हेक्टरांहून मोठे आहे. हे जरूर सांगा, पण ‘जग तुम्हालाच वाचवायचे आहे’ हे ओझे देऊ नका.

कधी पत्राला उत्तर येईल आणि ते ‘नाही’ असेल. मुलाला रागावू द्या, रडू द्या. मग दोघांनी मिळून दुसरे पत्र लिहा: उत्तर दिल्याबद्दल आभार, आणि एक प्रश्न, ‘बदली झाडे कुठे लावणार, आणि ती बघायला आम्ही कधी येऊ?’