इलिरियन व्यक्तिनामाचा उगम आणि अर्थ कसा शोधावा

एड्रिॲटिक समुद्राच्या पूर्वेस राहणाऱ्या इलिरियन जमातींच्या भाषेतला एकही सलग मजकूर आज उपलब्ध नाही. ती भाषा आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती व्यक्तिनामांतून, स्थलनामांतून आणि ग्रीक-रोमन लेखकांनी टिपलेल्या मोजक्या शब्दांतून. म्हणूनच ‘तेउता म्हणजे राणी’, ‘बार्दिलिस म्हणजे पांढरा’ अशा ठाम व्याख्या वाचून तिथेच थांबू नये. नावाचा अर्थ हा या शोधाचा शेवटचा टप्पा आहे. ते नाव कोणी, कुठे आणि कोणत्या लिपीत लिहिले, हा पहिला.

सुरुवातीला नावाच्या सर्व प्राचीन नोंदी मूळ रूपात एकत्र कराव्यात. एका लेखकावर विसंबणे धोक्याचे असते. इलिरियन राजा गेंथियसने ज्या भावाला ठार मारले त्याचे नाव ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ‘प्लेउरातोस’ असे देतो, तर रोमन इतिहासकार लिव्ही ‘प्लातोर’ असे. ही दोन्ही नावे इलिरियन प्रदेशात स्वतंत्रपणे प्रचलित होती, त्यामुळे हा केवळ उच्चारातला फरक मानता येत नाही. इतिहासग्रंथांपेक्षा शिलालेख आणि दस्तऐवज अधिक भरवशाचे, कारण तिथे नाव त्या माणसाच्या हयातीत किंवा मृत्यूनंतर लगेच कोरलेले असते. दिर्राखियम, म्हणजे आजचे दुर्रेस, येथील थडग्यांवरचे ग्रीक लेख या दृष्टीने अतिशय मोलाचे आहेत.

नोंदी जमल्या की नावावर चढलेला परका प्रत्यय बाजूला काढावा. ग्रीक लेखक नावाला ‘-ओस’ जोडतात, लॅटिन लेखक ‘-उस’. आतले मूळ अंग पुष्कळदा षष्ठी विभक्तीतच उघड होते. ‘बातो’चे लॅटिन षष्ठी रूप ‘बातोनिस’ आणि ‘वेर्झो’चे ‘वेर्झोनिस’ होते, म्हणून तुलना ‘बातोन-’ आणि ‘वेर्झोन-’ या अंगांची करावी. स्थानिक ध्वनी ग्रीक आणि लॅटिन अक्षरांत नेमके बसत नसल्याने एकच नाव ‘दासियस’ आणि ‘दाझोस’ असे दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर नावाचा प्रदेश ठरवावा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. एके काळी मध्य युरोपातली असंख्य नावे इलिरियन ठरवली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेझा अल्फल्डी आणि रादोस्लाव कातिचिच या अभ्यासकांनी नावांचे भौगोलिक गट पाडून ते चित्र बदलले. तेउता, गेंथियस, प्लातोर, एपिकादस, वेर्झो ही नावे आग्नेय गटातली, म्हणजे आजच्या अल्बेनिया-माँटेनेग्रोच्या बाजूची. त्याच्या वायव्येस दाल्मेशिया-पॅनोनियाचा निराळा गट आहे आणि एड्रिॲटिकच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिबर्नियन लोकांच्या नावांचे नाते ईशान्य इटलीतील वेनेटिक नावांशी अधिक जवळचे आहे. मात्र लेख सापडलेले ठिकाण आणि माणसाचे मूळ गाव एक असेलच असे नाही. दाकियातील, म्हणजे आजच्या रोमानियातील, आल्बुर्नस मायोर येथील सोन्याच्या खाणींत मेणाचा लेप दिलेल्या लाकडी पाट्या सापडल्या, त्यांतल्या इ.स. 139 च्या एका करारात पासिया नावाच्या सुमारे सहा वर्षांच्या मुलीची विक्री नोंदली आहे. विकणारा दासियस हा वेर्झोचा मुलगा आणि पिरुस्ता जमातीचा आहे, तर विकत घेणारा माक्सिमस हा बातोचा मुलगा. बापाचे नाव इलिरियन आणि मुलाचे अस्सल लॅटिन, म्हणजे एका पिढीत झालेला बदल या एका ओळीत दिसतो. म्हणूनच पित्याचे नाव टिपल्याशिवाय कोणतीही नोंद पूर्ण समजू नये.

आता नावाच्या धातूकडे, म्हणजे ज्यापासून शब्द घडतो त्या मूळ घटकाकडे, वळावे. आग्नेय इटलीतील मेसापिक भाषेचे लेख उपलब्ध आहेत आणि त्यांत प्लातोर, दाझोस या नावांची सगोत्र रूपे आढळतात, म्हणून तुलनेची सुरुवात तिथून करावी. मग इतर इंडो-युरोपीय भाषा पाहाव्यात. इ.स.पू. 231 च्या सुमारास पती आग्रोन याच्या मृत्यूनंतर सत्तेवर आलेल्या आणि इ.स.पू. 229 मध्ये रोमशी युद्धात उतरलेल्या तेउता राणीचे नाव घेऊ. गॉथिक ‘थिउदा’, जुना आयरिश ‘तूअथ’, ऑस्कन ‘तोउतो’ आणि लिथुआनियन ‘तउता’ या सर्व शब्दांचा अर्थ लोक, जनसमूह किंवा जमात असा आहे. ‘राणी’ हा अर्थ या धातूत नाही; ‘लोकांची ती राणी’ असा तो तर्काने काढलेला आहे, आणि त्यावरूनच हे नाव नसून पदवी असावी असे काहींनी सुचवले. परंतु आग्रोनच्या आणखी एका पत्नीचे नाव त्रितेउता होते आणि गेंथियसच्या एका दूताचे तेउतिकस, त्यामुळे हा घटक नावे घडवण्यासाठी सर्रास वापरला जात होता असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. हाच धातू केल्टिक नावांतही असल्याने केवळ त्याच्या बळावर एखादे नाव इलिरियन ठरवू नये.

साम्य फसवेही असते. ‘एपिकादस’चा आरंभ ग्रीक ‘एपि’ या उपसर्गासारखा दिसतो, तरी नाव इलिरियन आहे. रोमन सेनानी सुल्ला याच्या आत्मवृत्ताचा अपुरा भाग पूर्ण करणाऱ्या त्याच्या मुक्त दासाचेही तेच नाव होते. याउलट ‘आग्रोन’ हे नाव ग्रीक इतिहासकार हेरोडोटस आशिया मायनरमधील लिडियाच्या एका राजालाही देतो. ‘बार्दिलिस’ची सांगड अल्बेनियन ‘बार्धे’, म्हणजे पांढरा, या शब्दाशी घातली जाते. पण हा राजा इ.स.पू. चौथ्या शतकातला आणि अल्बेनियन लिखाण पंधराव्या शतकापासूनचे, त्यामुळे मधल्या काळातील ध्वनिबदलांचा हिशेब मांडूनच ही तुलना करावी. संस्कृत ‘जन्’ आणि लॅटिन ‘गेन्स’ यांच्या धातूशी जोडल्या जाणाऱ्या ‘गेंथियस’बाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते: रोमन लेखक प्लिनी जेंशियन वनस्पतीचे नाव या राजावरून पडल्याचे सांगतो, म्हणून वनस्पतीच्या गुणांवरून राजाच्या नावाचा अर्थ लावणे म्हणजे उलटा प्रवास होय.

शेवटी नोंद लिहिताना लेखात किंवा ग्रंथात प्रत्यक्ष आढळलेले रूप आधी, त्याचे स्थळ व काळ त्यानंतर आणि पुनर्रचित धातू ताराचिन्हासह स्वतंत्र ओळीत द्यावा. अर्थाला एकाहून अधिक पर्याय असतील तर ते सर्व द्यावेत आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार लिहावा.