व्हिडिओची डीव्हीडी करताना चित्र फुटू नये म्हणून

मोबाईलवरची एमपीफोर फाईल डीव्हीडी प्लेअरला जशीच्या तशी चालत नाही. ती एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ स्वरूपात, नव्याने बांधावी लागते. त्यामुळे थोडी घट होणारच. ‘झिरो लॉस’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका. डोळ्यांना जाणवणार नाही एवढं मात्र नक्की साधतं.

सगळा खेळ बिटरेटचा, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला किती डेटा वापरला जातो याचा. ४.७ जीबीच्या डिस्कसाठी माझा हिशेब सोपा आहे: ६०० भागिले मिनिटं. ९० मिनिटांच्या मुंजीला साधारण ६.७ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) मिळतात, चित्र छान येतं. दोन तासांना ५, तेही चालतं. तीन तास कोंबले की हळदीच्या साड्यांवर चौकोन दिसू लागतात. तिथे सरळ दोन डिस्क करा. उलट, व्हिडिओ छोटा असला तरी ८ च्या वर जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात. ‘टू-पास’ (सॉफ्टवेअर व्हिडिओ आधी एकदा तपासतं, मग बांधतं) पर्याय असेल तर तोच घ्या. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

फाईल मूळचीच हवी. व्हॉट्सॲपवरून आलेली आधीच पिळून निघालेली असते.

फोनचं शूटिंग बहुधा ३० फ्रेमचं असतं. ते २५ फ्रेमच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत घातलं की वरात धक्के खात चालते. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर एनटीएससी (NTSC) ही ३० फ्रेमची पद्धतही वाचतात, तेच निवडा.

बर्न ४एक्स किंवा ८एक्स वेगाने करा आणि डिस्क फायनलाइज करायला, म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून शेवटी बंद करायला, विसरू नका.