सणासुदीत रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या संपादकाला कथा हवी असते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोव्यातल्या घरांना चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, वेध लागतात. अंक हातात पडतो तोवर वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, पोरं दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा उभारायला लागलेली असतात. मागोमाग ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), नाताळ, गावोगावच्या जत्रा. इथे बसून मराठीत गुन्हेकथा लिहिणाऱ्याला मोकळे दिवस शोधावे लागतात, आणि सण आपसूक कथेतही उतरतात. उतरू द्यावेत. घरातले सगळे एका छपराखाली येतात ते सणालाच, आणि बऱ्याच खुनांचं मूळ घरातल्या माणसांतच असतं. पण नव्या लेखकांच्या ज्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत काही चुका इतक्या नेमाने भेटतात की त्यांच्याबद्दल एकदा सविस्तर लिहिणं भाग आहे.

मृत्युपत्रावर अख्खी कथा उभी करणे

चवथीला सगळं कुटुंब मूळ घरी जमलंय. आरती झाल्यावर आजोबा जाहीर करतात की सगळी इस्टेट धाकट्याच्या नावे करणार, आणि पहाटे त्यांचं प्रेत सापडतं. हे दृश्य गोव्यात घडवलंत की इथला जाणता वाचक तिथेच थांबतो, कारण इथला कायदा वेगळा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६१ च्या मुक्तीनंतरही गोव्यात लागू राहिली. वारसाहक्काच्या तरतुदी आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आल्या आहेत, पण गाभा तोच आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक, दोघांची अर्धी-अर्धी. मुलं असतील तर स्वतःच्या त्या अर्ध्या वाट्यातलाही निम्माच भाग माणसाला मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. बाकीचा निम्मा मुलांसाठी राखीव. तेव्हा ‘सगळं धाकट्याला’ हे आजोबांच्या हातातच नाही, आणि थोरल्याला खून करण्याइतकी भीती वाटायचं कारण उरत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, आणि ती केल्यावर कथा आधीपेक्षा कितीतरी धारदार होते. घर विकायला नवरा आणि बायको दोघांची सही लागते. आईवडिलांना आपल्याच एका मुलाला जमीन विकायची तर बाकीच्या मुलांची संमती लागते. वडील गेल्यावर वाटणीसाठी इन्व्हेंटरीचं प्रकरण कोर्टात उभं राहतं आणि त्यात वारसांमध्येच मालमत्तेची बोली लागू शकते. आता विचार करा: सही द्यायला एकटीच नकार देणारी वहिनी. बोलीच्या वेळी कुणाच्याही अपेक्षेपेक्षा जास्त पैसे घेऊन उभा राहिलेला, आखातातून परतलेला भाऊ. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारा) आपलं नाव कधीच चढलं नाही हे पन्नाशीत कळलेली बहीण. मागच्या आवारात मालकाच्या परवानगीने घर करून तीन पिढ्या राहणारं मुंडकाराचं कुटुंब, ज्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि जे सगळ्यांच्या डोळ्यांत सलतं. जमिनी हडपण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. गोव्यातला गुन्हा जमिनीच्या कागदात मुरलेला असतो. तो सोडून बाहेरून मृत्युपत्र कशाला आणायचं?

परदेशातल्या थंडीत मेलेलं प्रेत

‘अंग गार पडलं होतं, म्हणजे मरून दोन तास झाले असणार.’ हे वाक्य थंड देशातल्या कथांमधून आपल्याकडे आलंय. मेल्यावर शरीर सभोवतालच्या हवेइतकं निवत जातं. हवा जितकी उबदार, तितकं निवणं संथ. गोव्यात डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो. बंद खोलीत, पंखा न लावता पडलेला देह दोन तासांत गार लागणार नाही.

ताठरतेचं गणित उलटं चालतं. ती पापण्यांत आणि जबड्यात आधी जाणवते, मग खाली पसरते. उष्ण हवेत ती लवकर येते आणि लवकर उतरतेही. त्यामुळे चवथीच्या दमट उकाड्यात दीड दिवसानंतर सापडलेला देह ‘लाकडासारखा कडक’ असेलच असं नाही. बहुधा तो सैल झालेला असेल आणि पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग दिसू लागले असतील. तुमचा डॉक्टर वेळ सांगताना नेहमी अंदाजाची पट्टी देऊ दे. ‘रात्री दहा ते दोनच्या दरम्यान’ म्हणणारा डॉक्टर खरा वाटतो, ‘अकरा वाजून वीस मिनिटांनी’ म्हणणारा नाही.

विषाचंही तसंच. नाताळात शेजाऱ्याकडून आलेल्या दोदोल-नेवऱ्यांच्या ताटात विष कालवलं आणि सकाळी बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) डॉक्टरांनी विषाचं नाव सांगितलं, असं होत नाही. शवविच्छेदनात जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग राखून ठेवतात, ते प्रयोगशाळेत जातात आणि तोवर मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं जातं. हा मधला काळ लेखकासाठी सोन्याचा आहे. अहवाल येईपर्यंत घरातले सगळे एकमेकांच्या हातचं खायला बिचकतात. ते दिवस लिहा.

नरकासुरात लपवलेलं प्रेत

ही कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. ३१ डिसेंबरला जाळतात त्या ‘ओल्ड मॅन’च्या पुतळ्यातही. वाड्यावर नरकासुर बनताना एकदा रात्र काढा. बांबूचा नाहीतर लोखंडी सांगाडा, आत गवत, वर कागद, आणि भोवती दहा-पंधरा पोरं, त्यांना चहा आणून देणाऱ्या आया, पैसे मोजणारा एक मोठा भाऊ. तो पुतळा क्षणभरही एकटा नसतो. तिथे प्रेत लपत नाही. पण कोण किती वाजता आला, कुणाचा शर्ट बदललेला होता, हे त्या पोरांइतकं नेमकं कुणीच सांगू शकत नाही. नरकासुराला साक्षीदारांची जागा करा.

फटाक्यांत दडलेला गोळीचा आवाज मात्र आता सोडून द्यावा. तो फार झाला. मांडवीत रात्री अंधारात प्रेत सोडणंही नको. पणजीसमोर कॅसिनोंचे दिवे रात्रभर असतात आणि भरतीचं पाणी वर रायबंदरच्या पुढे चढतं, तेव्हा ओहोटी-भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय नदीला हात लावू नये.

पोलीस, कोर्ट आणि कलमं

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तुमचा खून २०२३ च्या नाताळात असेल तर कलम ३०२, आणि २०२४ च्या नाताळात असेल तर कलम १०३. एकाच कथेत दोन्ही कलमं मिसळलेली हस्तलिखितं मी वाचली आहेत. नव्या प्रक्रियेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, ते मोबाइलवरही चालतं. म्हणजे पंचनाम्याच्या वेळी एका हवालदाराच्या हातात फोन हवा.

‘सुट्ट्या लागल्या, आता सोमवारपर्यंत कोठडीत’ हेही चूक. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावंच लागतं, सण असो वा रविवार, आणि त्यासाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. तसंच, २०२१ पासून सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी मिळाली खरी, पण खुनाचा संशय असलेलं प्रेत एरवी दिवसाउजेडीच तपासतात. नाताळच्या रात्रीचा खून असेल तर घरच्यांना सकाळपर्यंत शवागाराबाहेर थांबावं लागेल. ती रात्र कथेत हवी.

शेवटी सगळ्यांना गणपतीच्या खोलीत जमवून गुन्हेगाराकडून कबुली घेणारा इन्स्पेक्टर तर टाळाच. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. आरोपीने सांगितल्यावरून जी वस्तू सापडते, तेवढ्यापुरतं त्याचं सांगणं चालतं. म्हणून कबुली लिहिण्यापेक्षा विहिरीतून निघालेला कोयता लिहा.

घराला अडथळा समजणे

आता ज्या चुका मला सगळ्यांत जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या. बरेच लेखक सणाच्या दिवसांत घरच्यांवर चिडतात. दार बंद करतात. पुरुषांना ते दार मिळतं तरी. लिहिणाऱ्या बाईच्या हातात विळी आणि नारळ येतो. हे बोलून, आधीच वाटून घ्यायला हवं. कोणत्या दिवशी कोण स्वयंपाकघरात, कोणते दोन तास कुणाचे, हे आषाढातच घरात ठरवा. संपादकालाही चवथीच्या आठवड्यातली तारीख देऊ नका. चवथीच्या पहिल्या दिवशी नवं लिखाण करूच नये असं माझं ठाम मत आहे. त्या काळात घटनांचा क्रम तपासणं, पात्रांची नावं आणि वयं जुळवणं अशी कामं होतात. आणि थांबताना प्रसंग पूर्ण करू नका. पुढचं वाक्य माहीत आहे तिथे पेन ठेवा, म्हणजे आठ दिवसांनी परत बसल्यावर कथा थंड पडलेली नसते.

आमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्यांना बसतो. सासूबाई लाटतात, जाऊ सारण भरते, मी कडा मुरडते. दुसऱ्या बाजूला दीर गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे फळापानांच्या मंडपीला, तोरिंगां आणि सुपारीचं शिपुट (घड) बांधत असतात आणि कोणतं फळ कुठल्या डोंगराच्या कडेला मिळालं ते सांगत असतात. सासूबाई माझ्या कथा ऐकतात. प्रत्येक कथेवर त्यांचा पहिला प्रश्न एकच: ‘मेला त्याला जेवण कोण वाढायचं गो?’ गुन्हेकथेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. याचं उत्तर लेखकाजवळ नसेल तर कथेतला खून कोड्यापुरता राहतो. उत्तर असेल तर बाकीची माणसंही दिसू लागतात: त्या माणसाचं ताट मांडायची सवय असलेली, त्याची वाट बघत झोपलेली, त्याच्या मरणाने सुटलेली. कथा अडकली की मी पुरावे तपासत नाही, आधी हे तपासते. बहुतेकदा गाठ तिथेच असते.

याच्या जोडीला एक कडक नियम. घरात ऐकलेलं दुःख जसंच्या तसं कथेत घालू नये. सणाला माणसं सैल होतात, भांडी घासताना आतेबहीण लग्नातलं काहीतरी बोलून जाते. ते तिने लेखिकेला सांगितलेलं नसतं. कथेसाठी त्यातली भीती घ्या, लाज घ्या, पण प्रसंग, गाव, नातं सगळं बदला. छापून आल्यावर तिने स्वतःला ओळखलं तर ती पुढच्या चवथीला तुमच्या शेजारी बसणार नाही.

आणि इन्स्पेक्टरलाही घर द्या. गोव्यातल्या पोलिसांच्या रजा वर्षअखेरीला बंद होतात, कळंगुट-बागाच्या बंदोबस्तात ३१ डिसेंबर रस्त्यावर जातो. घरी लेक वाट बघतेय, आणि हा कुणाच्या तरी घरातल्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून प्रश्न विचारतोय. संहितांमधले इन्स्पेक्टर मात्र जेवत नाहीत, त्यांना आई नसते, सण नसतो.

विचारायला चुकीच्या वेळी जाणे

माहिती हवी म्हणून लेखक नेमके डिसेंबरअखेर पोलीस ठाण्यात जातात. त्या दिवसांत कुणालाच वेळ नसतो. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा, निवृत्त अधिकारी किंवा फौजदारी वकील त्याहून बरे. गुपितं विचारू नका, दिनक्रम विचारा: फोन आल्यावर गाडी किती वेळात निघते, पंच म्हणून कुणाला बोलावता, रात्री प्रेताजवळ कोण थांबतं. प्रश्न लिहून न्या, मोजकेच न्या, आणि चालू खटल्याबद्दल एकही नको; तो विचारलात की समोरचा माणूस बाकीची उत्तरंही आखडती घेतो.