धोटा, चादर आणि आकाशपाळणा: गेममध्ये फिरती हालचाल कशी आणावी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर एक छोटा गेम करायला घेतला होता. होम मैदान, गर्दी, मागे आकाशपाळणा. तो पाळणा फिरवायला मी इफ-एल्सची अशी रांग लावली की शेवटी मलाच कळेना. खरं तर वाढत जाणाऱ्या वेळेची घडी घालता आली, म्हणजे ती ठरावीक मर्यादेत पुन्हा पुन्हा फिरवता आली, की काम भागतं.

आधी वेळ धरा. दर फ्रेमला (पडद्यावर नव्याने उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) वेळेत डेल्टा टाइम, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, मिळवत जा. फ्रेम मोजत बसलात तर सेकंदाला ६० फ्रेमच्या फोनवरचा पाळणा १२० फ्रेमच्या फोनवर दुप्पट पळेल.

मागची दुकानं सतत सरकवायची असतील तर मोड्युलो (मोड), म्हणजे भागाकाराची बाकी, वापरा. सोलापुरी चादरीची नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून, तसंच हे. चित्र ५१२ पिक्सेल रुंद असेल तर (वेळ × वेग) ला ५१२ ने भागून बाकी घ्या. उलट दिशेला सरकवताना जपून: −१ ची बाकी पायथन ५११ देतं, सी-शार्प −१ देतं आणि पडद्यावर फट दिसते. बाकी उणे आली तर ५१२ मिळवा.

मागावरचा धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो आणि तडक परततो. पहारेकऱ्याला तसं चालवायचं तर पिंगपाँग. युनिटी आणि गोडो ४ या गेम इंजिनांत ते तयार मिळतं. स्वतः लिहायचं तर: ल − |(वेळ मोड २ल) − ल|. ‘ल’ म्हणजे अंतर.

पाळण्याला मात्र असं गचकन वळणं शोभत नाही. तिथे साइन: उंची = मध्य + त्रिज्या × साइन(कोन), आडवी जागा कोसाइनने. कोन रेडियन या एककात द्या. पूर्ण फेरी साधारण ६.२८.

माझी खरी फजिती पुढे झाली. कोन = वेळ × वेग असं लिहिलं होतं. पाळणा हळू करायला वेग कमी केला आणि अख्खा पाळणा उडी मारून भलतीकडे गेला. कारण नवा वेग आधीच्या सगळ्या वेळेलाही लागू झाला! म्हणून कोन वेगळा साठवा, दर फ्रेमला त्यात वेग × डेल्टा मिळवा आणि ६.२८ च्या पुढे गेला की तेवढे वजा करा. मग वेग हवा तसा बदला.

आठ डबे असतील तर प्रत्येकाच्या कोनात क्रमांक × ६.२८ ÷ ८ मिळवा. डब्याचं चित्र मात्र फिरवू नका, फक्त जागा बदला. नाहीतर वर गेलेली माणसं डोक्यावर उभी दिसतात.