फायबरची जुनी शिडाची बोट आतून रंगवायची असेल तर

पवनीला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ट्रॅक्टरची बोनेटं, काळीपिवळीची दारं, हेच रोजचं काम. गोसीखुर्दचं बॅकवॉटर जवळ, म्हणून एखादी फायबरची बोटही येते. नागपूरच्या एका डॉक्टरसाहेबांनी कोकणातून ट्रेलरवर आणलेली शिडाची बोट माझ्याकडे उभी केली. २१ फुटी, पुढे बसकी केबिन, आत दोन बाकं. बाहेरून बरी होती. आत कुबट वास, छताचं रेक्झीन लोंबलेलं आणि कपाटांत माश्यांनी बांधलेली मातीची घरं. बाजूच्या डोंगेवाल्या काकांनी आत डोकावून सांगितलं, ‘‘भाऊ, याच्यापेक्षा नवा डोंगा बरा जी.’’

अशी बोट कुणाकडे असेल तर आधी एक सांगतो. गाडी रंगवणाऱ्याला जे येतं त्यातलं अर्धं इथे चालतं, अर्धं विसरावं लागतं. कुठलं अर्धं, तेवढं कळलं की बाकी नुसती मेहनत आहे.

समुद्रातून आलेली बोट असेल तर पहिलं काम गोड्या पाण्याचं. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि रंगाखाली राहिलं तर पुढे फोड येतात. प्रेशर पंपाने कपाटांचे कोपरे, बाकांखालची पोकळी, तळ सगळं धुवा. तळाशी पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला लहान भोकं ठेवलेली असतात, ती तारेने मोकळी करा. पुढे पुट्टी-रंग करतानाही ती बुजू देऊ नका.

मग गळती. रंगाने गळती थांबत नाही. एक जण वर पाइप धरेल, दुसरा आत टॉर्च घेऊन बसेल. पाणी खालच्या फिटिंगपासून (बोटीला भोक पाडून बोल्टने बसवलेल्या कड्या-खुंट्या) सुरू करून हळूहळू वर न्यायचं. आधीच वरून ओतलं तर सगळं ओलं होतं आणि चोर सापडत नाही. संशयाच्या जागेखाली खडूची भुकटी पसरा, पहिला थेंबही दिसतो. फिटिंग गळत असेल तर खोला, भोक थोडं मोठं करा, इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारं, वाळल्यावर कडक होणारं मिश्रण) भरा, वाळल्यावर पुन्हा ड्रिल करून पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या सीलंटवर बसवा. सिलिकॉनची ट्यूब आत आणूच नका. ज्या जागेला सिलिकॉन लागलं तिथे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गॅरेजातली डॅशबोर्ड पॉलिशची बाटलीही याच कारणाने दूर ठेवायची.

आडव्या-उभ्या प्लायवूडच्या भिंतींच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. घुसला तर तेवढा भाग कापून काढा. नवीन प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का बघा, ती मरीन प्लाय. दुकानदार आयएस ३०३ ची साधी प्लाय ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून देईल, ती इथे घेऊ नका. कापलेल्या कडा इपॉक्सी पाजल्याशिवाय बसवायच्या नाहीत, पाणी कडेतूनच शिरतं.

छताच्या रेक्झीनमागचा फोम हात लावताच भुकटी होतो, गोंद मात्र चिकटून राहतो. तो खरवडायचा आणि मग ग्राइंडरला वायर ब्रश लावायचा. फायबरची धूळ अंगाला खाजते ती निराळीच. फुल बाह्या, हातमोजे, चष्मा, आणि तोंडाला दुपट्टा नव्हे, धुळीचा फिल्टर बसवलेला मास्क.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिश पेपर मारायच्या आधी मेण काढा. फायबरची बोट ज्या पॉलिएस्टर रेझिनने बनते त्याचा शेवटचा थर हवेत नीट वाळावा म्हणून त्यात मेण घालतात, ते वर येऊन बसतं. त्यावर सरळ घासलं तर मेण ओरखड्यांत भरतं आणि पुढचा रंग सालीसारखा निघतो. आधी साबणपाणी, मग ॲसिटोन. एका फडक्याने ओलं करायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि फडकं सारखं पालटायचं. रंगीत चिंध्यांचा रंग सुटतो. जुनं पांढरं धोतर उत्तम. पाणी शिंपडून बघा: थेंब गोळा होत असतील तर मेण आहे, सपाट पसरलं तर झालं. मग ८० नंबर, नंतर १२०.

गाडीची पुट्टी? कपाटाच्या दारावरच्या खड्ड्याला चालेल. तळाला आणि जिथे पाणी साचेल तिथे नाही, कारण तिच्यातली टाल्क पावडर ओल शोषते. तिथे इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची हलकी पावडर) कालवून भरा. आणि इथेच गाडीवाल्याचा हात आवरावा लागतो. आपण पुट्टीत हार्डनर अंदाजाने दाबतो, लवकर वाळावं म्हणून थोडा जास्त. इपॉक्सीत जास्त हार्डनर म्हणजे कायमचं मऊ राहिलेलं काम. वजनकाट्यावर, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच. वाळल्यावर वर तेलकट पापुद्रा दिसला तर आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पेपर. पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांसाठी एक धोक्याची गोष्ट: कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, पेट घेतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

आपल्याकडचं हवामान या कामाला फारसं मित्र नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सीचा हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात ४५ अंशांत डब्यातच धूर निघतो. अगदी करायचंच असेल तर थोडं थोडं कालवा आणि डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ठेवा. पावसाळा तर सोडूनच द्या. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारी बरे. नोव्हेंबर-डिसेंबरही चालले असते, पण तेव्हा आजूबाजूला धानाची मळणी चालू असते आणि कुसळं ओल्या रंगावर येऊन बसतात. हिवाळ्यात सकाळी दव असतं. फायबर हाताला थंड लागत असेल तर थांबा. दहा-साडेदहाला सुरुवात करून तिसऱ्या प्रहरी ब्रश खाली ठेवायचा.

केबिनमध्ये थिनरची वाफ तळाशी साचते आणि ठिणगीने पेटते. म्हणून आत साधा पंखा नको, बिडी नको, लाइनचा उघडा बल्ब नको. आपला कूलर कामाला येतो: पाणी न भरता, पंप बंद ठेवून, बाहेर लांब उभा करून पुढच्या झडपेतून ताजी हवा आत ढकला. मोटर बाहेरच राहते, वाफ मागच्या दारातून निघून जाते. लाइन गेली की तुम्हीही बाहेर या.

स्प्रे गन मारायचा मोह होईल. नको. दोन डब्यांच्या पीयू रंगातलं आयसोसायनेट बंद जागेत फवारलं तर दमा मागे लागतो, आणि वाफ शोषणारी डबी लावलेला साधा मास्क त्याला पुरत नाही. इपॉक्सी प्रायमरवर एका डब्यातला चांगला पीयू किंवा इनॅमल, चार इंची फोम रोलरने पातळ, आणि लगेच कोरड्याशा ब्रशच्या टोकाने एकाच दिशेला हलका हात. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये २२० चा पेपर. रंग ऑफ-व्हाइट आणि सेमी-ग्लॉस घ्या. शुभ्र चकचकीत पांढऱ्यात जुन्या फायबरचा प्रत्येक उंचवटा ओरडून दिसतो.

लाकडी पट्ट्या सागाच्या असतील तर नशीब. जोड हवा असेल तर बल्लारशाहचं सागवान आरामशीनवर मिळतं. सागात तेल असतं, म्हणून व्हार्निशच्या आधी लगेच ॲसिटोनने पुसायचं.

पायाखालच्या तळाला घसरू नये म्हणून डॉक्टरसाहेबांना साखरेची युक्ती हवी होती. ओल्या रंगावर साखर पेरायची, वाळल्यावर कोमट पाण्याने धुवायची, मागे खरखरीत खळगे राहतात. युक्ती खरी आहे. पण आमच्या शेडमधल्या मुंग्यांना आमंत्रण कोण देईल? मी वैनगंगेची रेती धुऊन, वाळवून, बारीक चाळणीतून काढून पेरली आणि वरून रंगाचा एक हात दिला.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. गाद्या आठवडाभर तरी परत ठेवू नका, बुडाला चिकटतात. दारं-झडपा उघड्या ठेवा, उंदीर-माश्यांसाठी जाळी लावा, आणि पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली असली तरी दोन्ही टोकांना हवा जायला जागा सोडा.